शेव्हेलचा पॉवर स्टिअरिंग होज: कामाच्या नोंदी

४ ऑक्टोबर

गाडी १९७२ ची शेव्हरोले शेव्हेल. इंजिन ३५० घन इंची व्ही-८, बेल्टवर फिरणारा सॅगिनॉचा (जनरल मोटर्सच्या स्टिअरिंग विभागाचा) पंप, आणि चेसीला बोल्ट केलेला सॅगिनॉचाच स्टिअरिंग बॉक्स. तक्रार अशी की गाडी रात्रभर उभी राहिली की क्रॉसमेंबरखाली तेलाचा डाग पडतो आणि डिपस्टिकवरची पातळी उतरते. नुसतं तेल घालत राहणं मला पटत नाही. ज्या होजमधून (रबरी नळीतून) हे तेल पंपाकडून बॉक्सकडे जातं तो एग्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जेमतेम वीतभर अंतरावर आहे, आणि तापलेल्या मॅनिफोल्डवर तेलाचा फवारा गेला तर गाडी पेटू शकते. बाकीची कामं बाजूला ठेवून आधी हे हातात घेतलं.

पंप, होज, बॉक्स सगळं डीग्रीजरने धुऊन कोरडं केलं. वर टाल्कम पावडर मारली, इंजिन चालू करून स्टिअरिंग थोडं थोडं दोन्हीकडे फिरवायला लावलं. कुठे ओल फुटते ते पावडरीवर लगेच दिसतं. शंकेच्या जागी पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहिलं. इथे बोट कधीही लावायचं नाही. या नळीत ७० ते १०० बारपर्यंत दाब चढतो. केसाएवढ्या भोकातून निघालेली धार कातडी भेदून तेल आत घालते. वरून टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते, पण आतली इजा शस्त्रक्रियेपर्यंत जाते. असं काही झालं तर दुखत नसलं तरी तडक हॉस्पिटल गाठायचं.

पंपाचं तोंड कोरडं, बॉक्सचं तोंड कोरडं. ओल आली ती होजच्या मधोमध, उष्णतेपासून बचावासाठी घातलेल्या जाळीदार आवरणाखाली.

५ ऑक्टोबर

आवरण मागे सरकवलं आणि अंगावर काटा आला. दोन वेगवेगळे होज मध्ये कापून, लोखंडी निपल घालून, स्क्रूच्या क्लिपांनी आवळून जोडले आहेत. दाबाच्या नळीवर! स्क्रूची क्लिप रेडिएटरच्या होजला ठीक आहे, तिथे दाब एक-दीड बारचा असतो. इथे त्याच्या पन्नास-साठ पट. ही जोडणी आजवर सुटली नाही हेच नशीब. गाडी आता जागची हलणार नाही.

रिटर्नची, म्हणजे तेल बॉक्सकडून पंपाकडे परत नेणारी नळीही तपासली. ती हाताला मऊ लागते, क्लिपेच्या दोन्ही बाजूंनी फुगून वर आली आहे. वरची अक्षरं पुसट झाली आहेत, पण वाचता येतात: हीटरचा होज आहे. हीटरचे होज बहुतेक ईपीडीएम रबराचे असतात. गरम पाणी आणि कूलंट त्यांना चालतं, पण मिनरल ऑइल लागलं की ते रबर तेल पिऊन फुगतं आणि सैल पडतं. पॉवर स्टिअरिंगला नायट्राइल किंवा तसंच तेल सोसणारं रबर लागतं. म्हणजे दोन्ही होज बदलायचे.

८ ऑक्टोबर

मॉडेल आणि साल टाकून शोधलं तर १९७२ च्या शेव्हेलसाठी दाबाचा होज सहज मिळतो, दोन्ही टोकांना इंची आट्यांचे इन्व्हर्टेड फ्लेअर. प्रकरण इथेच मिटायला हवं होतं. पण मधे जोड का दिला असेल, हा प्रश्न मनातून जाईना. नुसता जुना होज फुटला असता तर कोणीही तयार होज आणून लावला असता. दोन वेगळ्या होजचे अर्धे अर्धे तुकडे कोणी जोडत असेल तर दोन टोकं एका जातीची नसणार.

ऑर्डर न देता आधी दोन्ही टोकं उघडायचं ठरवलं.

पंपाकडचं टोक काढताना दोन पाने लागतात. होजचा नट ज्या मोठ्या फिटिंगमध्ये बसतो त्याच्या मागेच फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह आणि त्याची स्प्रिंग असते. फिटिंग एका पान्याने धरून ठेवलं नाही तर नटाबरोबर तेही फिरतं आणि आतला ऐवज बाहेर येतो. नटाला साधा पाना लावला नाही, फ्लेअर नटचा लावला. तो षटकोनाच्या जास्त बाजू धरतो, त्यामुळे कोपरे घासले जात नाहीत.

पंपाकडे अपेक्षेप्रमाणे इन्व्हर्टेड फ्लेअर निघाला. नळीचं टोक ४५ अंशांत फुलवून आत दुमडलेलं, आणि पंपाच्या तोंडात शंकूसारखी सीट. धातूवर धातू दाबून सील होतं, रबर नाही. बॉक्सकडचं टोक काढलं तर नळीवर ओ-रिंग, म्हणजे सील करणारी रबराची गोल कडी! बॉक्सच्या तोंडात टॉर्च मारून पाहिलं, आत शंकू नाही, सपाट खोबण आहे.

९ ऑक्टोबर

आज फक्त मापं. या कामाचा अर्धा जीव इथेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पंपाकडच्या नटाचा आट्यांवरचा बाहेरचा व्यास व्हर्निअरवर १५.८ मिमी. ५/८ इंच म्हणजे १५.८८, आणि एम-१६ (मेट्रिक आट्यांचं माप) म्हणजे १६.००. वापरलेल्या, थोड्या झिजलेल्या नटावर एवढा फरक धरून निर्णय घेता येत नाही. दोघांनाही १५.८ चं माप येऊ शकतं. निकाल देते ती पिच. ५/८ इंची नटाला इंचात १८ आटे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.४१ मिमी. अशा फिटिंगमधल्या एम-१६ ला ते १.५. आटे तपासायच्या गेजचं १.५ चं पातं नटावर ठेवून मागून उजेड धरला. पहिले दोन-तीन दात बरोबर बसल्यासारखे वाटले, पुढे मात्र दात आट्याच्या माथ्यावर चढत गेले आणि फटीतून उजेड दिसायला लागला. १८ चं पातं ठेवलं तर शेवटपर्यंत काळोख. म्हणजे इंची.

हेच दोन-तीन दात घात करतात. मेट्रिक नट इंची तोंडात हाताने एक-दोन फेरे सुखाने जातो, मग जड होतो. 'नवीन आहे, घट्ट असणारच' असं समजून पाना लावला की आटे गेलेच. नट गेला तर दुसरा मिळतो, पण बॉक्सचं तोंड गेलं तर सगळा बॉक्स उतरवावा लागतो.

बॉक्सकडचा दाबाचा नट १७.९, पिच १.५. एम-१८. रिटर्नचा नट १५.९, पिच १.५. एम-१६. तिथे व्यासावर मी भरवसा ठेवलाच नाही.

१२ ऑक्टोबर

कोडं सुटलं. सॅगिनॉच्या या बॉक्सची मूळ घडण १९६० च्या दशकापासून पुढे कितीतरी वर्षं जवळपास तीच राहिली. बोल्टची भोकं जुळतात, म्हणून नंतरच्या गाड्यांचा बॉक्स जुन्या गाडीत बसतो. ऐंशीच्या दशकातल्या माँटे कार्लो एसएस आणि कमारो आयरॉक-झेडच्या बॉक्सचं प्रमाण १२.७ ला १. म्हणजे स्टिअरिंग कमी फिरवून चाक जास्त वळतं. त्यासाठीच हौशी लोक ते जुन्या शेव्हेलवर चढवतात. आमच्या गाडीत तसाच बॉक्स बसवलेला आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या फेऱ्या मोजल्या, त्याही तेच सांगतात.

आणि १९८० च्या सुमारास जनरल मोटर्सने हीच तोंडं इंची फ्लेअरवरून मेट्रिक ओ-रिंगवर नेली. म्हणून पंप एका काळातला आणि बॉक्स दुसऱ्या काळातला. गाडीच्या सालावरून होज मागवला असता तर एक टोक बसलं असतं आणि दुसऱ्याने आटे खाल्ले असते. जुन्या गाडीचं साल फक्त बॉडीचं असतं. पन्नास वर्षांत बॉनेटखाली कोणी काय बदललं, ते पार्टलाच विचारावं लागतं.

बॉक्स मला आवडतो, तो राहील.

१६ ऑक्टोबर

पर्याय लिहून काढतोय, म्हणजे उद्या पुन्हा तोच विचार करायला नको.

अॅडॉप्टर मिळतात: एका बाजूला एम-१८ ओ-रिंग, दुसऱ्या बाजूला इंची फ्लेअरचं तोंड. पण आमच्या बॉक्सच्या तोंडाजवळ स्टिअरिंगच्या दांड्याची कपलिंग आहे. अॅडॉप्टरची लांबी वाढली की नळी कपलिंगच्या दिशेने ढकलली जाते. शिवाय गळायला आणखी एक जागा. नको.

पंपाचं मोठं फिटिंग बदलून मेट्रिक ओ-रिंगचं बसवता येतं, मग दोन्ही टोकं मेट्रिक. हा मार्ग मला पटला होता. पण त्या फिटिंगमधलं छिद्र पंप बॉक्सकडे किती तेल सोडतो ते ठरवतं. वेगळ्या गाडीचं फिटिंग घातलं तर स्टिअरिंग हलकं किंवा जड होऊ शकतं. आज स्टिअरिंगचं वजन अगदी मनासारखं आहे, त्याला हात लावायचा नाही. आणि ऐंशीच्या गाडीचा होज घेतला तरी त्याच्या लोखंडी नळीची वळणं त्या गाडीच्या मॅनिफोल्डप्रमाणे असणार.

एक टोक इंची आणि एक मेट्रिक असे तयार होजही विकले जातात, खास अशा अदलाबदलीसाठी. पाहिले. पण आमच्या गाडीत त्यांचं वळण मॅनिफोल्डच्या बाजूला जातं. गाडी वेगळी असती तर हेच घेतलं असतं.

जुना, न वापरलेला, डब्यातला मूळ कंपनीचा होज हा मोह बऱ्याच जणांना होतो. धातूच्या पार्टसाठी मलाही होतो. रबरासाठी अजिबात नाही. रबर फळीवर पडल्या पडल्याही म्हातारं होतं. चाळीस वर्षांपूर्वी बनलेला होज डब्यातून नवाकोरा निघाला तरी तो चाळीस वर्षांचाच आहे. दाबाच्या नळीसाठी असा होज कोणी फुकट दिला तरी मी लावणार नाही.

राहिला शेवटचा मार्ग: पंपाकडची मूळ लोखंडी नळी तिच्या वळणांसह वापरायची, बॉक्सकडे मेट्रिक ओ-रिंगची नळी, आणि मध्ये नवं रबर प्रेसवर क्रिम्प करून, म्हणजे धातूचं कडं दाबून पक्कं करून घ्यायचं. हेच करायचं.

२० ऑक्टोबर

जुना होज उभा चिरून पाहिला. फार शिकायला मिळालं.

पंपाकडच्या तुकड्यात रबराच्या आत आणखी एक बारीक नळी निघाली, पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळून केलेली. एका टोकाला पकडलेली, दुसरं टोक मोकळं. बॉक्सकडच्या तुकड्यात तसलं काही नाही. ही ट्यूनिंगची नळी. पंपाची पाती तेल सलग ढकलत नाहीत, ठोक्या-ठोक्याने ढकलतात. ते ठोके होजमधून बॉक्सपर्यंत आणि तिथून स्टिअरिंग व्हीलपर्यंत पोचतात. आतल्या नळीतून गेलेला ठोका आणि रबराच्या पोकळीतून गेलेला ठोका मागेपुढे होऊन पोचतात आणि एकमेकांना मारतात. रबर स्वतःही प्रत्येक ठोक्याला किंचित फुगून तो गिळतं.

म्हणूनच गाडीचा दाबाचा होज दिसतो तेवढा साधा नसतो. त्याच्या आवरणातली वीण नायलॉनसारख्या धाग्याची असते, तारेची नसते, आणि ती मुद्दाम ताणू दिलेली असते. एसएई (मोटार अभियंत्यांची अमेरिकी संस्था) हिचं जे-१८८ हे मानक अशाच, जास्त फुगणाऱ्या दाबाच्या होजसाठी आहे. कमी फुगणाऱ्यासाठी जे-१९१, तारेच्या विणीचा जे-१९०, आणि रिटर्नसाठी जे-१८९. होजवर छापलेला हा आकडा वाचल्याशिवाय कापून घ्यायचा नाही.

मित्राच्या जुन्या गाडीत हायड्रॉलिक यंत्राचा तारेचा होज बसवलेला आहे. संध्याकाळी ती चालवून पाहिली. दाबाला भक्कम आहे, एक थेंब गळत नाही. पण पार्किंग करताना स्टिअरिंग टोकाकडे गेलं की पंप कण्हल्यासारखा आवाज येतो आणि व्हीलच्या कडेवर बोटांना बारीक थरथर लागते. पंप त्याचा चांगला आहे. मला तरी दोष होजच्या ताठपणाचा वाटतो.

२७ ऑक्टोबर

होज क्रिम्प करणाऱ्या काकांकडे गेलो. माणूस हातात नट घेतल्या घेतल्या माप सांगतो, बघत राहावं असं काम. त्यांचा पहिला सल्ला तारेच्या होजचाच होता.

"टू-वायर घाल. पुन्हा बघावं लागणार नाही."

"काका, दाबाला तो भारीच पडेल. पण तो फुगत नाही, आणि मला थोडा फुगणाराच हवाय."

चिरलेला होज आणि आतली गुंडाळी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, टोकाला धरून ताणली, आणि मग म्हणाले, "स्टिअरिंगचाच रोल मागवतो. थांबशील का आठ दिवस?" थांबेन म्हटलं.

फेरूलही (होजच्या टोकावर दाबायची धातूची कडी) त्याच होजसाठी असलेले हवेत, हे त्यांनीच आधी सांगितलं. तारेच्या होजचं फेरूल जाड भिंत धरण्यासाठी बनलेलं असतं. धाग्याच्या होजवर तेच दाबलं तर एकतर सैल बसतं किंवा आतलं रबर कापतं.

३० ऑक्टोबर

होज येईपर्यंत लांबीचं काम. मऊ तांब्याची तार पंपापासून बॉक्सपर्यंत हवी तशी वाकवून साचा केला. मूळ होजची लांबी आता कुणालाच सांगता येणार नाही, म्हणून वाट आपणच ठरवायची. मॅनिफोल्डपासून लांब, बेल्टपासून लांब, कपलिंगला न लागणारी. आणि थोडा ढिलेपणा हवाच, कारण अॅक्सिलरेटर दाबला की व्ही-८ आपल्या माउंटवर हलतो. पंप त्याच्याबरोबर हलतो, बॉक्स चेसीवर स्थिर राहतो. तंग होज क्रिम्पच्या तोंडाशी फाटतो. रबराचा भाग ४२० मिमी धरला. तो आणखी आखूड करून नीटनेटका दिसला असता, पण फुगायला रबर हवं.

दोन्ही लोखंडी टोकं साच्याला बांधून त्यांच्यावर पांढऱ्या रंगाने सरळ रेघ ओढली. एकदा क्रिम्प झालं की टोकं फिरत नाहीत, त्यांचा आपसातला कोन तेव्हाच बरोबर हवा. पीळ बसलेला होज लवकर जातो.

पंपाकडच्या मूळ नळीचं फुलवलेलं टोक भिंगाखाली पाहिलं. आडवा ओरखडा असता तर ती बाद. एक फिकट खूण आहे, पण गोलाकार, सीटच्या दाबाची. चालेल.

६ नोव्हेंबर

होज आला. वर लांबीभर छापलंय: एसएई जे-१८८, १५०० पीएसआय, म्हणजे साधारण १०३ बार. बनल्याची तारीख याच वर्षाची.

काकांनी नळीवर होज किती आत जायला हवा तिथे खूण केली, तिथपर्यंत ढकलला, मग प्रेस. दाबल्यानंतर फेरूलचा व्यास व्हर्निअरने मोजून तक्त्याशी ताडला, आणि एका जागी मोजून न थांबता फेरूल फिरवून पुन्हा मोजला. दोन्ही टोकांच्या रेघा जुळल्या, होजवरची छापील ओळ एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सरळ, म्हणजे पीळ नाही. मग तेल भरून कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबावर चाचणी. काटा जागचा हलला नाही.

ट्यूनिंगची गुंडाळी यात नाही. ती मापाची नळी सुटी मिळत नाही, आणि जुनी परत घालायची नव्हती, तिचं मोकळं टोक झिजलेलं होतं. भिस्त रबराच्या फुगण्यावर.

८ नोव्हेंबर

बसवला. पंपाकडे फ्लेअर: आट्यांना टेप नाही, कसलं सीलंट नाही. सील शंकूवर होतं, आट्यांवर नाही, आणि टेपचा तुकडा सुटला तर थेट व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतो. बॉक्सकडे नवी ओ-रिंग तेलात बुडवून. दोन्ही नट आधी पूर्ण हाताने, शेवटी पाना.

ओ-रिंगच्या टोकाबद्दल लिहून ठेवतो. नट पूर्ण बसल्यावरही नळी हाताने किंचित फिरते. ती तशीच बनवलेली आहे, सील ओ-रिंग करते. सैल राहिलं असं वाटून लोक इथे जोर लावतात आणि आटे मारून ठेवतात.

रिटर्नला जे-१८९ चा ३/८ इंची नवा होज, नव्या क्लिपा. ते काम सोपं. जुन्या होजमधून रबराचा काळा चुरा निघाला, म्हणून पंपाची टाकी काढून धुतली आणि बॉक्समधलं जुनं तेल स्टिअरिंग फिरवून बाहेर काढलं. नव्या तेलात तो चुरा फिरवायचा नव्हता.

९ नोव्हेंबर

हवा काढली. पुढची चाकं जॅक-स्टँडवर उचलून, इंजिन बंद ठेवून, टाकी भरून स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत, बुडबुडे थांबेपर्यंत. मध्ये मध्ये पातळी पाहून तेल. इंजिन चालू करायची घाई केली तर पंप हवा आणि तेल घुसळून फेस करतो, आणि तो बसायला तासन्‌तास लागतात. नंतर इंजिन चालू, पुन्हा तेच, पण टोकाला नेऊन धरून ठेवायचं नाही. तिथे रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल झपाट्याने तापतं.

तेल स्वच्छ, फेस नाही. पुठ्ठा कोरडा.

२३ नोव्हेंबर

गावात, हायवेवर, घाटात, थंड इंजिनवर आणि तापलेल्या इंजिनवर चालवून झाली. गळती नाही, पातळी जागेवर. आवाजाचं सांगायचं तर टोकाशी पंपाचा हलका सुर्र आवाज येतो, तो दाबाचा, तो असायचाच. कण्हणं नाही. व्हीलवर बोटं सैल ठेवून मुद्दाम पाहिलं, थरथर नाही. गुंडाळीशिवाय थोडी तरी लागेल असं मला वाटत होतं.

रिटर्नच्या क्लिपा रबर बसल्यावर एकदा आवळल्या. वळताना होज मॅनिफोल्डकडे झुकतो का ते सोबत्याला अॅक्सिलरेटर दाबायला लावून पाहिलं, अंतर राहतं. तरी उष्णतेचं आवरण नवं घातलं.

बॉनेटच्या आत धातूची पट्टी लावली आहे. तिच्यावर कोरलंय: दाबाचा होज, पंपाकडे ५/८-१८ इन्व्हर्टेड फ्लेअर, बॉक्सकडे एम-१८ × १.५ ओ-रिंग, रबर ४२० मिमी, जे-१८८. रिटर्न बॉक्सकडे एम-१६ × १.५ ओ-रिंग, ३/८ इंच, जे-१८९. बॉक्स ऐंशीच्या दशकातला, पंप मूळचा. खाली होज बनल्याचं साल.

गाडी उचललेली असताना आयडलर आर्मला (स्टिअरिंगच्या जोडणीतल्या एका दांड्याला) थोडा ढिलेपणा हाताला लागला. पुढची नोंद त्याची.